वाटणीत राहून गेलेला मंगळ्या

जावा-जावा उभा दावा म्हणतात. लोक तो जमिनीवरून मांडतात, दागिन्यांवरून मांडतात, फार तर सासूच्या पाटल्यांवरून मांडतात. पणदऱ्याच्या कौसल्येनं आणि पद्मानं तो एका कुत्र्यावरून मांडला आणि दोन वर्षं मन लावून सांभाळला.

सोपान आणि दीपक या दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. ऊस वाटला, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, गाई वाटल्या, पाटा-वरवंटा कुणाकडे जायचा यावर चिठ्ठ्या टाकल्या. घराच्या मागून सरळ नवा बांध घातला. मंगळ्या तेवढा कुणाच्या ध्यानात आला नाही. तो त्या वेळी एका पंचाच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता.

कौसल्या थोरली, सोपानची बायको. तिच्या मते यात वाटण्यासारखं काही नव्हतंच. उसाच्या बैलगाडीखाली कुईकुई करणारं ते पिल्लू एका मंगळवारी तिनं पदरात घालून आणलं होतं आणि कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलं होतं. त्यामुळं कुत्रं कुणाचं हा प्रश्नच तिला मान्य नव्हता. मंगळ्याला मात्र होता. सकाळची भाकरी तो कौसल्येच्या ओसरीवर खायचा, उन्हं वर आली की अंग ताणून बांध ओलांडायचा आणि थेट पद्माच्या दारात जाऊन बसायचा. पंचांचा निवाडा त्यानं एक दिवसही पाळला नाही.

पद्मानं त्याचं नाव बदलून टायगर ठेवलंय हे कौसल्येला कळलं त्या दिवशी तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "टायगर म्हणं! सशाला भितंय ते, आन् टायगर!" असं ती सोपानला म्हणाली. सोपान हसला, म्हणून त्यालाही बोलणी बसली.

संध्याकाळी मंगळ्या परत आला की कौसल्या आधी त्याचं तोंड हुंगायची. आज सुकट केलीय वाटतं. आज शेंगदाण्याची आमटी. पोट तुडुंब भरून आलेला तो लबाड तिच्या भाकरीकडे नुसतं बघायचा, जिभेनं नाक चाटायचा आणि मान वळवायचा. तेवढ्यानं कौसल्येची रात्रीची झोप उडायची. नवऱ्यानं मान वळवली असती तर एवढं लागलं नसतं.

पद्माशी तिचं बोलणं बंद होतं. वाटणीच्या दिवशी पंचांसमोर पद्मा म्हणाली होती, "सोळा वर्षं मी आक्कांच्या हाताखाली राबले." हाताखाली! अठराव्या वर्षी आलेल्या या पोरीला भाकरी थापायला कुणी शिकवलं, बाळंतपणात तिच्या उशाशी कोण बसलं, हे सगळं कौसल्येच्या ओठावर आलं होतं. पण चारचौघांत ती गप्प राहिली, आणि मग ते गप्प राहणंच अंगवळणी पडलं.

वैशाखाचे दिवस होते. गोचिडांनी जनावरं हैराण झाली होती, म्हणून डेअरीवाल्यांनी सगळ्यांना गोचिडाच्या औषधाची एकेक बाटली वाटली. बादलीभर पाण्यात एक झाकण, एवढंच माप. कौसल्येनं ठरवलं, गाई धुवून झाल्या की सवडीनं मंगळ्यालाही धुवायचा.

पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मंगळ्या बांधावरून आला तो ओलाकिच्च. अंगाला उग्र, डोकं धरणारा वास. हा वास काही डेअरीच्या औषधाचा नव्हता. म्हणजे पद्मानं माहेरचं औषध काढलं होतं. पद्माचा भाऊ इंदापूरला राहायचा, आणि इंदापूरहून आलेलं सगळंच चांगलं असतं अशी तिची समजूत होती. इंदापूरचे पेढे, इंदापूरचं बी-बियाणं, आता इंदापूरचं औषध.

"माझ्या कुत्र्याचं गोचीड ही काढनार व्हय!" कौसल्या स्वतःशीच म्हणाली. जणू कौसल्येकडं कुत्र्याला गोचीड लागलेत आणि बघायला कुणी नाही, हेच ती बया गावाला दाखवत होती. कौसल्येला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी धारा झाल्या आणि तिनं बादली घेतली. काल एकदा औषध लागलंय, आज पुन्हा लावू नये, हे तिला कळत नव्हतं असं नाही. बाई चांगली शहाणी होती. पण पद्मानं केलेलं काम मंगळ्याच्या अंगावर तसंच राहू द्यायचं, हे तिच्यानं होईना. तिनं एक झाकण टाकलं, क्षणभर थांबली, आणि अजून एक टाकलं. मंगळ्याला शेपटीच्या टोकापर्यंत चोळून काढला आणि मगच तिला बरं वाटलं. तो वाळत बसला, अंग चाटत बसला.

साडेदहाच्या सुमाराला त्याच्या तोंडातून लाळेची तार लागली. मग मागचे पाय थरथरायला लागले. कौसल्येनं हाक मारली तसा तो उठायला गेला आणि तिच्या पायाशीच कोसळला. डोळे उघडे, पण ओळख नाही.

सोपाननं डेअरीच्या डॉक्टरला फोन लावला. तो कोऱ्हाळ्याला एका अडलेल्या गाईपाशी होता. "कुत्र्याचं हितं काय होनार न्हाय, सोपानराव," तो म्हणाला. "सलाईन लागंल. बारामतीला न्या, आन् लगेच न्या."

सोपाननं ओम्नी काढली. कौसल्या मागं बसली, मांडीवर पोतं आणि पोत्यावर मंगळ्या. डेअरीची बाटली तिनं पदरात गुंडाळून घेतली होती. रस्ता वीसेक मिनिटांचा, पण प्रत्येक गतिरोधकाला ती मंगळ्याचं डोकं दोन्ही हातांनी धरायची आणि सोपानवर ओरडायची. बारामती जवळ आली तेव्हा मंगळ्याच्या सगळ्या अंगाला झटके येत होते.

दवाखान्यातली डॉक्टर तिशीच्या आतबाहेरची होती. दारावरच्या पाटीवर डॉ. स्वरदा असं नाव होतं. तिनं एक प्रश्न न विचारता आधी मंगळ्याला टेबलावर घेतलं, सुई टोचली, सलाईन सुरू केलं आणि मदतनिसाला साबणाच्या पाण्यानं अंग धुवायला लावलं. मग विचारलं, "मावशी, काय लावलं? किती लावलं? आणि कितीदा?"

कौसल्येनं बाटली पुढं केली. "ह्ये. एकदाच. सकाळी. दोन झाकणं."

"दुसरं काही?"

"न्हाय."

"बाहेर कुठं गेला होता का? कुणी काही खायला घातलं, लावलं?"

"छ्या! त्यो माझ्या हातचंच खातो. दुसऱ्याच्या दारात उभा बी ऱ्हात न्हाय."

सोपाननं बायकोकडं बघितलं. मंगळ्या कुठं जेवतो हे अख्ख्या पणदऱ्याला ठाऊक होतं. पण औषधाचं त्याला माहीत नव्हतं, आणि बायकोला परक्या माणसासमोर खोटं पाडायची त्याची छाती नव्हती.

डॉक्टरनं टॉर्च मारून मंगळ्याचे डोळे पाहिले, पुन्हा बाटली वाचली. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. "हे जुळत नाही," ती म्हणाली. "बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झालीत, लाळ थांबत नाही, छातीत पाणी वाजतंय. हे या बाटलीचं काम दिसत नाही, दुसरंच काहीतरी पोटात किंवा अंगात गेलंय. त्याचं नाव कळलं तर त्याच्यावरचं इंजेक्शन माझ्याकडं आहे. पण नुसत्या अंदाजानं भरपूर दिलं आणि अंदाज चुकला, तर आहे तो जीवही जाईल. नीट आठवा, मावशी. फार वेळ नाही त्याच्याकडं."

आठवायचं काय होतं त्यात! तो उग्र वास अजून कौसल्येच्या नाकात होता. पण तोंड उघडायचं म्हणजे काय काय कबूल करायचं? कुत्रं रोज दुसरीकडं जातं, हे. तिथं पोटभर जेवतं, हे. आणि काल त्या दुसरीनं त्याला आपल्या आधी हात लावला आणि निव्वळ त्या रागानं आपण पुन्हा लावला, हे. ती भिंतीकडं बघत उभी राहिली. टेबलावर मंगळ्यानं एक मोठा आचका दिला आणि त्याची नखं पत्र्यावर खरखरली.

त्या खरखरीनं तिचा सगळा ताठा उतरला.

"दुसरं बी लावलंय," ती म्हणाली. "काल. माझ्या जावंनं. मला ठावं हुतं. तरी बी मी आज लावलं."

"कोणतं औषध ते विचारा. आत्ता," डॉक्टर म्हणाली.

सोपाननं नंबर लावून फोन कौसल्येच्या हातात दिला. तिकडून आवाज आला, "बोला, दादा."

"मी हाय," कौसल्या म्हणाली.

दोन वर्षांनी आलेला आवाज. तो ओळखायला पद्माला वेळ लागला नाही.

"पद्मे, काल मंगळ्याला काय लावलंस?"

"मी? मी कशाला लावू? मला न्हाय ठावं." पद्माचा आवाज लगेच चढला. "तुमचं कुत्रं तुमी सांभाळा की."

"भांडाय फोन न्हाय केला गं! मी बी त्याच्यावर पुन्ना लावलंय. दोन झाकणं. कुत्रं मरायला टेकलंय, पद्मे. मी बारामतीत हाय. तुझ्या पाया पडते, बाटली बघ."

पद्मा धावल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा आला, आणि मिनिटभरात सोपानच्या फोनवर बाटलीचा फोटो येऊन पडला. डॉक्टरनं तो मोठा करून वाचला. "हे पिकावर फवारायचं आहे, मावशी. जनावराचं नाहीच," ती म्हणाली आणि कपाटाकडं वळली.

पहिलं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं दुसरं, मग तिसरं. दर वेळी डॉक्टर छातीला नळी लावून ऐकायची. साडेबाराच्या सुमाराला लाळ थांबली आणि झटके विरळ झाले. "अजून वाचला म्हणत नाही," डॉक्टर म्हणाली, "पण आता माझं ऐकायला लागलाय." मंगळ्याला टेबलावरून उतरवून खाली सतरंजीवर निजवला. कौसल्या त्याच्या डोक्याशी बसली.

तेवढ्यात पद्मा आली. स्कूटीवर, ऊन डोक्यावर घेऊन, तोंड लालबुंद. दारातच थबकली आणि हलकेच म्हणाली, "टायगर?"

मंगळ्यानं डोळा उघडला. आणि तास-दोन तास मेल्यागत पडलेल्या त्या कुत्र्याची शेपटी जमिनीवर एकदा आपटली. मग पुन्हा एकदा.

तो कोसळल्यापासून कौसल्या त्याला हाका मारत होती. तिच्या हाकेला कान हलला नव्हता. कुत्रं जगलं याचा आनंद आधी झाला की शेपटी दुसरीसाठी हलली याची आग आधी झाली, ते तिला आजही सांगता येणार नाही. दोन्ही एकाच जागी झालं एवढं खरं.

पद्मा मंगळ्याच्या पलीकडच्या अंगाला बसली. खाली बघत म्हणाली, "मुद्दामच लावलं मी, आक्का. त्याच्या गळ्याशी चार गोचीड दिसले. म्हनलं, तुमी बघत न्हाय हे दिसू दे समद्यांना. बाटलीवर काय लिवलंय ते वाचलं बी न्हाय."

"मला बी काय कमी सुचलं व्हय," कौसल्या म्हणाली. "तुझा हात धुवून काढायचा हुता मला त्याच्या अंगावरनं."

डॉक्टर कागद घेऊन आली. तिनं हे ऐकलं असावं, पण ऐकल्यासारखं दाखवलं नाही. "आठ दिवस एकाच घरात ठेवायचा," ती म्हणाली. "बांधून. एकाच्याच हातचं खाणं, एकाच्याच हातून गोळ्या. दोन घरं अजिबात नकोत. कुणाकडं ठेवणार?"

पद्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "आक्कांकडं. त्यांनीच जगवलाय त्याला, ल्हान असल्यापास्नं."

दोन वर्षं कौसल्या हे एक वाक्य ऐकायला झुरत होती. पंचांसमोर, पाणवठ्यावर, कुठंही, पण पद्माच्या तोंडून. आता ते मिळालं आणि तिला काहीच गोड लागेना. आठ दिवस मंगळ्या दावणीला. आठ दिवस बांधावरून इकडून तिकडं कुणीच जाणार नाही. तिला एकदम घर रिकामं रिकामं वाटलं, आणि मग इतक्या दिवसांची आपली जळजळ नेमकी कशाची होती, ते तिच्या लक्षात आलं. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं. पुन्हा नको.

"पद्मे," ती म्हणाली, "मला हेवा वाटायचा. लई वाटायचा."

"म्हाईत हाय की, आक्का. माझ्याकडं येतो म्हनून."

"न्हाय गं. तुझा न्हाय वाटायचा." कौसल्येचा हात मंगळ्याच्या पाठीवर होता, तो तिथंच राहिला. "त्याचा वाटायचा. त्यो रोज उठून तुझ्या चुलीम्होरं जाऊन बसायचा. मला कोन बोलवीत हुतं?"

पद्मा उठली, मंगळ्याला वळसा घालून कौसल्येच्या बाजूला आली आणि तिला टेकून बसली.