दोरीचा हिसका

फाल्गुन उतरणीला लागला होता. होळीची राख वाऱ्यानं केव्हाच उधळून नेली होती. पाचगणीच्या पठारावरून घरंगळत आलेलं सकाळचं ऊन सिल्वर ओकच्या रुपेरी, रूक्ष, रागीट पानांतून झिरपत बंगल्याच्या हिरवळीवर उतरत होतं. आणि हिरवळ, जिला हिरवळ म्हणायची आता नुसती सवय उरली होती, त्या उन्हाखाली पीतवर्ण, दहिवरदग्ध, निश्चेष्ट पडली होती. सुंदर होतं सगळं. पण त्या सौंदर्यात माया नव्हती. थंडी होतं नव्हतं ते घेऊन गेली होती आणि जाताना तिनं मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

दरीतून धुकं वर यायचं, कड्याला धडकायचं, परत फिरायचं. खाली कृष्णेचं खोरं निळसर, नीरव, निर्विकार. या डोंगरावर लोक हवा खायला येतात. इथं राहणाऱ्यांना ती हवाच खाते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

हिरवळीच्या कडेला पत्र्याची शेड होती. शेडीत अंधार होता. अंधारात ते होतं, गवत कापायचं मशीन. चतुश्चक्र, लोहदंत, तृणभक्षक, धूम्रोच्छ्वासी, अशी सगळी बिरुदं शोभावीत असं. आणि तरी जुन्या गोणपाटाखाली, भांडून तोंड फिरवून झोपलेल्या माणसासारखं पडलेलं. थंडीत गवत वाढत नाही, म्हणून दिवाळीच्या सुमारास त्याला निजवायचं आणि फाल्गुनात उठवायचं, हा दरवर्षीचा क्रम होता.

निजवायचीही रीत होती. टाकीतलं पेट्रोल काढून टाकायचं, नाहीतर ते आत साचून आंबतं, चिकटतं. खालचं पोट खरवडायचं. पात्याला ऑइल लावायचं. या वर्षी ही रीत कोणी पाळली नाही, कारण झोपण्यापूर्वी मशीननं माणूस चाखला होता.

तो माणूस हैबती. बंगल्याचा माळी. अनसूया त्याची बायको. बंगल्यामागे, हिरवळीकडे दार असलेल्या एका खोलीत दोघांचा संसार, आणि खोली माळीकामावर मिळालेली. काम आहे तोवर छप्पर आहे, काम गेलं की छप्पर गेलं, इतका सरळ हिशोब.

आश्विनातली ती दुपार होती. ऊन सोनेरी, गवत ओलं, रान फुलांनी माजलेलं. ओल्या गवताचा बोळा मशीनच्या तोंडात अडकला. हैबतीनं मशीन बंद न करताच हात आत घातला. रोजचंच होतं ते, रोजचाच माज. त्याच क्षणी अनसूयेनं खोलीच्या दारातून जेवायला हाक मारली. त्यानं मान वळवली. तर्जनी गेली, मधलं गेलं, अनामिका गेली. उजव्या हाताला अंगठा उरला, करंगळी उरली, आणि दोघांच्या मधे एक पोकळी उरली.

"तू हाक मारलीस," दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो पहिलं हे बोलला.

"तुमी मशीन बंद केलं न्हवतं," ती म्हणाली.

ही दोन वाक्यं त्यांनी दवाखान्यातून घरी आणली. कार्तिकात ती खोलीत राहिली, मार्गशीर्षात तिथंच थिजली, पौषाच्या थंडीत दगड झाली. नवरा-बायको त्या दगडांना वळसा घालून चालायचे. जेवायची हाक ती रोज मारायची, सवयीनं, सूडानं, कोण जाणे कशानं. आणि त्या हाकेसरशी तो रोज एकदा दचकायचा. ते दचकणं तिला दिसायचं. तिनं हाक थांबवली नाही.

दिवसभर तो हिरवळीच्या मधोमध पोतं टाकून उन्हाला बसायचा. बसायचा ती जागा तीच होती, जिथं बोटं पडली होती. भोवती गवत थंडी पडेपर्यंत मनाला येईल तसं वाढलं, तुरे धरून पिवळं पडलं, दहिवरानं जळलं. उजवा हात स्वेटरच्या खिशात घालून हैबती त्या पिवळ्या पसाऱ्यात आपलं दुःख राखत बसला. दुःखाची राखण एवढं एकच काम त्यानं त्या हिवाळ्यात नेटानं केलं.

होळी झाली आणि बंगल्याचा मॅनेजर पोतनीस वर आला. मालक पाडव्याला येणार होते. जळलेलं गवत त्याआधी कापायला हवं होतं, पाणी द्यायला हवं होतं, म्हणजे खालचं कोवळं हिरवं वर आलं असतं.

"हैबतीच्यानं आता होणार नाही," पोतनीस म्हणाला. "वाईला एक माणूस आहे. त्याचं स्वतःचं मशीन आहे. त्याला खोली लागेल."

"मशीन मी चालवते," अनसूया म्हणाली.

पोतनीसनं तिच्याकडे पाहिलं, मग हिरवळीतल्या पोत्याकडे पाहिलं. "शनिवारी दुपारी येतो मी. चालताना दिसलं तर काम तुझं. नाही दिसलं तर सामान बांधा."

हैबतीनं हे सगळं ऐकलं. बायकोच्या हातचं खाणं त्याला चालत होतं; बायकोच्या कामाचं खाणं त्याच्या घशाखाली उतरणार नव्हतं. खोली गेली तर जावळीच्या खोऱ्यात गळकं घर होतं. तिथं जाऊन कुजू, पण मशीन सुरू करायची ती दोरी हिच्या हातात नको, असं त्याच्या मनानं घेतलं. एकदा मनानं घेतलं की हैबतीचं मन कोणाचं ऐकत नसे, त्याचं स्वतःचंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी तिनं शेडीची किल्ली मागितली. त्यानं कमरेची काढली आणि तिच्या पायाशी फेकली. इतक्या सहज, की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तिनं मशीन उन्हात ओढून आणलं. गोणपाट झटकलं तशी धूळ उडाली, झुरळं पळाली, कोळ्याची जाळी तिच्या केसांत अडकली. वर्षानुवर्षं तिनं दारातून पाहिलं होतं, नवरा काय करतो, कशानंतर काय करतो. कोणी शिकवलं नव्हतं. बायकांना पुष्कळ गोष्टी अशाच येतात, दारात उभ्या राहून.

ठिणगी पाडणाऱ्या प्लगची टोपी तिनं आधी काढून ठेवली. मशीन कुशीवर पाडलं. पोटात मागच्या पावसाचं गवत काळं, कठीण, कुळकुळीत होऊन बसलं होतं. खुरप्यानं ती ते खरवडू लागली. थरावर थर, खपलीवर खपली. त्यात कुठे गवताचं काळं संपत होतं आणि कुठे हैबतीच्या रक्ताचं सुरू होत होतं, ते सांगता येत नव्हतं. तिनं वेगळं करायचा प्रयत्नही केला नाही. सगळं एकाच घमेल्यात पडलं आणि एकाच उकिरड्यावर गेलं.

टाकी उघडली तर आतून आंबट, उग्र, शिळा दर्प आला. पेट्रोल काढ्याच्या रंगाचं झालं होतं. ते तिनं डब्यात ओतलं. कार्बोरेटरची वाटी सोडवली, आतला चिकट पिवळा राप नव्या पेट्रोलनं धुतला, बारीक भोकं टाचणीनं मोकळी केली. पात्याला कानस मारली. लोखंडाला धार आली, उन्हाला धार आली, तिच्या डोळ्यांनाही आली असावी.

मशीन उभं केलं. ताजं पेट्रोल घातलं. टोपी दाबून बसवली. पाय टेकवला, दोरीची मूठ धरली, हिसका दिला.

मशीन बोललं नाही.

पुन्हा हिसका. पुन्हा. दोरी सरसरत बाहेर यायची, सरसरत आत जायची, आत काहीतरी फिरल्याचा पोकळ आवाज यायचा आणि विझायचा. ऊन चढलं. सिल्वर ओकची सावली आखडली. तिच्या खांद्यात कळ आली, तळव्याला फोड आला, फोड फुटला. मशीन बोललं नाही.

पोत्यावरून तो पाहत होता. तिचा प्रत्येक हिसका त्याला सुखाचा घोट होता.

"ते बाईला वळखत न्हाई," तो म्हणाला.

तिनं मूठ पुन्हा धरली. तिला त्या मशीनचा द्वेष वाटत होता, धगधगीत, निखळ, नाव घेऊन करावा असा द्वेष. त्यानं तिच्या घासात हात घातला होता, तिच्या दाराशी रक्त सांडलं होतं, तिच्या साध्या हाकेला पाप करून ठेवलं होतं. आणि त्या पिवळ्या गवतात बसलेल्या माणसाचा द्वेष वाटत होता, तो याहून जुना, याहून थंड. दोन द्वेषांच्या मधे उभी राहून ती दोरी ओढत होती.

वाईचा रस्ता खाली वळणावळणानं दिसत होता. त्यावरून एक पांढरी गाडी हळूहळू वर चढत होती. ती पोतनीसचीच असावी.

तिनं पाना घेतला आणि प्लग सोडवला. टोपीत खोचला, टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं, दुसऱ्या हातानं दोरी ओढली. ठिणगी पडली नाही. पुन्हा ओढली. ठिणगी पडली नाही. मग तिनं प्लग उन्हात धरून नीट पाहिला. चिनी मातीचा भाग पिवळा होता, आणि त्याला केसाएवढी चीर होती.

मागच्या पावसाळ्यात हैबतीनं नवा प्लग आणला होता. खोलीत शिरताशिरता त्यानं तो तिला दाखवला होता, दोन बोटांत धरून, पोराचा पहिला दात दाखवावा तसा. पांढरा, शुभ्र, चकचकीत. तेव्हा दोघं हसले होते. त्याच्या दोन बोटांत धरलेला तो पांढरा तुकडा तिला लख्ख आठवला. हा तो नव्हता. हा शेडीतल्या डब्यात टाकून दिलेला मेलेला प्लग होता.

तिनं वर पाहिलं. हैबती उन्हात बसला होता. अंगात स्वेटर होता, कपाळावर घाम होता, आणि उजवा हात खिशात होता.

ती गवत तुडवत त्याच्याकडे गेली. वाळले तुरे तिच्या लुगड्याला लागून तुटत होते.

"द्या," ती म्हणाली.

"काय?"

"द्या."

तो हलला नाही. तिनं वाकून त्याचं मनगट धरलं आणि हात खिशातून बाहेर काढला. आयुष्यभर जे आपलं वाटलं ते त्यानं उजव्या हातात धरलं होतं. खुरपं उजव्या हातात, बिडी उजव्या हातात, पंगतीतला मान उजव्या हातात. मशीनचा प्राण दडवून बसायची वेळ आली तेव्हाही सवयीनं उजवाच हात पुढे आला होता. पण मुठीला बोटं लागतात. अंगठा तळव्यावर दाबला गेला, करंगळी वळली, आणि मधल्या पोकळीतून तो पांढरा प्लग उन्हात चमकला. अडवायला तिथं कोणी नव्हतं.

तिनं तो उचलून घेतला. ताटातला खडा बाजूला काढावा, इतकंच सोपं होतं ते.

इथं कोणी रडलं असतं तर कथा वेगळी झाली असती. कोणी रडलं नाही. त्यानं मान वर केली. डोळ्यांत लाज होती, आणि लाजेच्या वर, तिला झाकायला, तोच जुना दगड होता.

"तू हाक मारलीस," तो म्हणाला.

"आता न्हाई मारनार," ती म्हणाली आणि वळली.

प्लग बसला. टोपी बसली. पाय टेकला. हिसका.

मशीन खोकलं. काळा धूर ओकलं, गुरगुरलं, अडखळलं, आणि मग एकदम सगळा हिवाळा घशातून थुंकून टाकावा तसं गर्जून उठलं. सिल्वर ओकवरचे कावळे उडाले. कड्याला आवाज धडकला आणि परत आला. अनसूया हसली नाही. तिनं दांडा धरला आणि हिरवळीच्या कडेपासून सुरुवात केली.

पट्ट्यामागून पट्टा. पिवळ्यामागून पिवळं पडत गेलं, आणि खाली दडलेली पोपटी, लाजरी, अधमुरी कोवळीक उघडी होत गेली. ती कडेकडेनं आत येत होती, चौकटीत चौकट आखत, वळणावर वळण घेत, आणि तो मधोमध बसून होता. वर्तुळ लहान होत आलं. पात्याचा आवाज जवळ आला. कापलेलं गवत उडून त्याच्या मांडीवर पडलं, खांद्यावर पडलं, उघड्या तळव्यावर पडलं. तो दचकला नाही, उठलाही नाही. ती त्याच्या अगदी पायाशी आली, आणि तिनं मशीन वळवलं.

वाटेत बाजारात थांबलेला पोतनीस फाटकातून आला तेव्हा काम होत आलं होतं. कमरेवर हात ठेवून त्यानं हिरवळ न्याहाळली. समाधान झालं असावं, कारण त्यानं खोट काढायला सुरुवात केली.

"मधलं तेवढं का ठेवलंस?"

अनसूयेनं मशीन बंद केलं, आणि सगळ्या डोंगरावर एकदम शांतता उतरली.

"तिथं मशीन जात न्हाई," ती म्हणाली.

पोतनीसनं एकदा त्या बेटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि तो फाटकाकडे वळला. जाताना फक्त म्हणाला, "पाणी आजपासूनच सुरू कर."

तिनं टाकी रिकामी केली, पातं पुसलं, मशीन शेडीत ठेवलं आणि किल्ली आपल्या कमरेला लावली. मग हात धुऊन ती खोलीत गेली. थोड्या वेळानं धूर वर चढला, भाजल्या भाकरीचा खरपूस वास पसरला, कापल्या गवताच्या हिरव्या, ओल्या, गोड वासात मिसळला.

हैबतीला भूक लागली होती. त्याची मान आपोआप दाराकडे वळली, आणि त्याचं अंग, रोजच्यासारखं, हाकेच्या आधीच आखडून तयार झालं.

चारी बाजूंनी हिरवं होतं. मधे पिवळ्या गवताचं एक वर्तुळ होतं, वर्तुळात एक पोतं होतं, पोत्यावर तो होता. सावली सरकत आली, पायांवर चढली, गुडघ्यांवर चढली. वारा आला, तुरे हलले, तुरे थांबले. दारात भांड्याचा आवाज झाला, आणि पाटावर बसून एकटी जेवणारी बाई दिसली.

हाक आली नाही.