हॅनाचा फेब्रुवारी

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या छोट्या गावात मार्चमध्ये गावसभा भरते. हात वर करून ठराव मंजूर होतात. यंदा शेवटचे दोन ठराव राहिले होते. एक, जुन्या दफनभूमीतल्या हॅना नावाच्या तान्ह्या मुलीच्या दगडावरचं साल दुरुस्त करायचं. दुसरा, थिआ वेदरबीला गावाची इतिहासकार नेमायचं.

थिआ माझी विद्यार्थिनी. इंग्रजांच्या इथल्या वसाहतींचा इतिहास हाच तिचा ध्यास. विद्यापीठांत वर्षानुवर्षं हंगामी शिकवून झालं होतं; आता तिला एका जागी मुळं धरायची होती.

सभेआधी गावपंच ऑर्विल पिकरिंग तिच्याजवळ आले. "पहिला ठराव माझा आहे, त्याला गप्प बस, पोरी. दुसरा आपोआप होईल."

दगडावर कोरलं होतं : जन्म जून १७०२, मृत्यू फेब्रुवारी १७०२.

"जन्माआधीच मेली म्हणे!" पिकरिंग सभेत म्हणाले. "पाथरवट प्यायला होता, दुसरं काय!"

सगळे हसले. थिआ उठली.

"मला बारा मुलं हवीत."

मी खुर्चीत निवांत टेकलो. मुलं मागितली, म्हणजे सांगण्यापेक्षा करून दाखवायचा माझा धडा तिच्या लक्षात होता.

केकच्या टेबलाजवळची मुलं धावत आली. तिनं त्यांची रांग केली आणि मार्चपासून एकेकाला महिना वाटला.

"मी जानेवारी ना? मग मी पहिली!" छोटी एबी भांडू लागली.

"आज पहिली. तेव्हा इंग्रजांचं नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. तू शेपटाला."

"शी!"

"हॅना जन्मली तो जून कुठाय?" चौथ्या मुलानं हात वर केला. "आणि गेली तो फेब्रुवारी?" अगदी टोकाच्या मुलानं केला. "मधे नवं वर्ष लागलं का?"

"नाही!" सगळी ओरडली.

"म्हणजे साल तेच. हॅना आठ महिने जगली. पिकरिंगकाका, पाथरवट शुद्धीत होता."

पिकरिंगनी बोटानं रांगेतला जून ते फेब्रुवारी मोजला. मग म्हणाले, "शाळेत आम्हांला असं कुणी उभंच केलं नाही. दगडाला हात लावू नका. ठराव मागे."

दुसऱ्या ठरावाला पहिला हात त्यांचाच वर गेला. पाठोपाठ सभागृहभर हात.

मोजता मोजता सभापती थांबले. "एबी, हात खाली. तुला मत नाही."

"पण मी जानेवारी आहे!"