ईनबाईंचा डेअरीतला मुक्काम

दसरा झाला आणि टेकवाडी रिकामी झाली. त्या साली खरीप जळून गेला होता, त्यामुळे एरवी ऊसतोडीला न जाणारी माणसंही कोयता घेऊन ट्रॅक्टरवर चढली. वडवणीच्या बाजूची सगळीच खेडी तशी झाली होती. मागं राहिली ती म्हातारी माणसं, काही कुत्री आणि दाराला लावलेली कुलपं.

छबुबाईचा मुलगा उत्तरेश्वर आणि सून आशामती सांगलीकडच्या कारखान्याला निघाले. नातवंडं गेवराईला वसतिगृहात होती. जाण्याआधी आशामतीनं उमापूरहून आपल्या आईला, भिवराबाईला, आणून सासूपाशी ठेवलं. भिवराबाईचा एकुलता एक मुलगाही त्याच टोळीत होता आणि तिच्या घरालाही कुलूपच लागणार होतं.

"दोघी एका जागी असल्या म्हंजी आमच्या जिवाला घोर न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला आणि ट्रॉलीत चढला.

त्याचा घोर गेला आणि छबुबाईचा सुरू झाला.

भिवराबाई माणूस वाईट नव्हती. पण ती विहीण होती आणि मुलीच्या घरी आली होती. तिला कपभर चहा दिला तर ती अर्धा ठेवायची. दुसरी भाकरी वाढायला घेतली की ताटावर हात आडवा धरायची. "राहू द्या ईनबाई, पोट भरलं." चुलीजवळ तर ती फिरकायचीच नाही, कारण पाहुणीनं चुलीला हात लावला तर घरच्या बाईला कमीपणा. आणि ती फिरकत नाही म्हणून छबुबाईला दोन्ही वेळा ताजं रांधावं लागायचं. एकटी असती तर तिनं सकाळच्याच भाकरीवर चटणी घेऊन दिवस काढला असता. दुपारी तिला आडवं व्हायची सवय होती, पण पाहुणी बसलेली असताना आपण कसं लवंडावं? पाहुणीलाही तेच वाटायचं की घरची बाई बसलेली असताना आपण कसं लवंडावं. मग दोघी दुपारभर समोरासमोरच्या भिंतींना टेकून, डोळ्यांवरची झापड आवरत, एकमेकींकडं बघून हसत बसायच्या.

त्यात पाण्याची कटकट. टँकर खाली रस्त्यालगत, दूध डेअरीसमोर थांबायचा. छबुबाईचं घर वरच्या अंगाला, चढाच्या शेवटी. एक दिवस भरली कळशी घेऊन चढताना तिचा पाय मुरगळला. कळशी गडगडत खाली गेली आणि पाणी धुळीत मुरलं. दारात बसलेली भिवराबाई उठली, कळशी उचलून पुन्हा खाली गेली आणि भरून घेऊन आली. तीच नाही, आणखी दोन खेपा केल्या. सुजलेला पाय धरून दारात बसलेल्या छबुबाईला पायापेक्षा तेच जास्त दुखलं. विहीण आपल्या घरचं पाणी भरतेय आणि आपण बसून बघतोय.

हे सगळं खालून बबनराव बघत होते. बबनराव म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. बायको वारलेली, मुलगा चाकणला कंपनीत. गावातली जनावरं चारा छावणीला गेल्यापासून डेअरीत थेंबभर दूध येत नव्हतं, तरी ते रोज सकाळी कुलूप काढून खुर्चीवर बसायचे. त्या दिवशी संध्याकाळी ते वर चढून आले आणि म्हणाले, "छबूवहिनी, एक इचार डोक्यात आलाय. डेअरी रिकामी हाय. आत मोठी खोली, भाईर शेड, लाईट, संडास. टँकर तर दारातच. पाऊस पडंपर्यंत आपण म्हातारी माणसं समदीच हितं का राहू न्हाई? एकच चूल पेटवू."

"आन घरं?"

"घरं कुठं पळून जात न्हाईत. पर माह्या एकट्याच्या मनानं न्हाई चालायचं. संस्थेची इमारत हाय. मीटिंग घ्यावी लागंल."

मीटिंग भरली. सभासदांपैकी निम्म्याहून जास्त उसाच्या फडात होते, त्यामुळे कोरम भरेना. बबनरावांनी नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब केली. सगळी माणसं होती तिथंच बसून राहिली, कुणी सुपारी कातरली, कुणी पाय चेपून घेतले. अर्धा तास झाल्यावर त्याच माणसांची त्याच जागी पुन्हा सभा सुरू झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे बबनरावांनी मोठ्या समाधानानं सांगितलं.

पहिला बोलला धुळाजी. जन्मभर मेंढरं वळलेला, लग्न न केलेला माणूस. "मला चालतंय. एकट्यापुरती डाळ शिजवायचा लई कटाळा आलाय. कमी शिजत न्हाई आन जास्तीची खपत न्हाई."

मग कुणी पाण्याचं सांगितलं, कुणी रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर हाकेला माणूस असण्याचं. माना डोलू लागल्या. तेव्हा छबुबाई भिंतीला धरून उभी राहिली.

"मला पटत न्हाई. सांजच्याला घरात दिवा कोण लावील? जन्मभर माह्या हातचं खाल्लं, आता कुणाच्या हातचं कसं लागंल ते काय माहीत. आन लोक काय म्हणतील? उत्तरेश्वरनं जित्या मायला आश्रमात घातलं म्हणतील. वडवणीच्या बाजारात त्याला त्वांड दाखवायला जागा राहणार न्हाई."

डोलणाऱ्या माना थांबल्या. प्रत्येकाच्या मनात होतं तेच ती बोलली होती. छबुबाईला हात द्यायला म्हणून भिवराबाई बरोबर आली होती, ती मागून हळूच म्हणाली, "मी सभासद न्हाई. बोललं तर चालंल का?"

"बोला की," बबनराव म्हणाले. "कोरमच न्हाई तर सभासद कशाला बघायचा?"

"मी येते ऱ्हायला," भिवराबाई म्हणाली आणि खाली बसली.

घरी जाताना छबुबाईनं भिवराबाईचा हात धरला नाही, लंगडत एकटीच चढ चढली. दारात आल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "ईनबाई, माह्या घरात तुमाला काय कमी पडलं?"

"काहीच न्हाई."

"मग कावून?"

"काहीच कमी पडलं न्हाई, तेच," भिवराबाई म्हणाली. छबुबाईला त्याचा अर्थ लागला नाही. तिला राग तेवढा आला. पण पाहुणीला एकटीला पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनंही गोधड्या बांधल्या आणि घराला कुलूप घातलं.

डेअरीत बायका आतल्या खोलीत, पुरुष शेडमध्ये. दुधाचे रिकामे कॅन कोपऱ्यात रचून ठेवले होते. भिंतींना जुन्या दुधाचा वास इतका मुरलेला की गावातली मांजरं आशेनं येऊन बसायची. पाण्याचा त्रास मिटला. टँकर आला की बसल्या जागी हंडे भरायचे. दिवसभर बोलायला माणूस होतं. कुणाचे गुडघे, कुणाची सून, कुणाचा जावई, विषय संपायचे नाहीत. छबुबाईला मधे ताप आला तेव्हा तिच्या उशाशी एवढी गर्दी झाली की बबनरावांना दोघा-दोघांनी बसायची शिस्त लावावी लागली.

पण डोक्याला तापही कमी नव्हता. धुळाजी असा घोरायचा की पत्रे वाजायचे. भाजीत मीठ कुणाच्याच मनासारखं पडायचं नाही. बबनराव तर संस्था चालवल्यासारखेच घर चालवायचे, चहात साखर किती यावरही ठराव मांडायचे. आणि फोनची रेंज फक्त ओट्याच्या कडेला यायची, त्यामुळे उत्तरेश्वरचा फोन आला की छबुबाईचं बोलणं सगळी डेअरी ऐकायची आणि फोन ठेवल्यावर प्रत्येक जण आपलं मत द्यायचा. दिवेलागणीला छबुबाई वरच्या अंगाला बघत बसायची. तिच्या घराची नुसती काळी कड दिसायची. तेव्हा कुणी हाक मारली तरी ती ओ द्यायची नाही.

भिवराबाईचं मात्र वेगळंच झालं. पहिल्याच आठवड्यात तिनं चुलीचा ताबा घेतला. तिच्या ज्वारीच्या भाकरी पातळ आणि मोठ्या, धुळाजीनं त्या उजेडाला धरून बघितल्या. ती हसायची, बबनरावांना उलट बोलायची, आणि जेवायला बसली की दोन भाकरी खाऊन तिसरीतला चतकोर मोडायची.

एक दिवस दोघी ओट्यावर ज्वारीतले खडे वेचत बसल्या होत्या. छबुबाईनं मनातलं विचारलंच. "ईनबाई, माह्या घरी तुमी अर्धी भाकर खायच्या. माह्या हाताला चव न्हाई का?"

भिवराबाईनं सूप खाली ठेवलं. "चव लई हाय. पर तिथं मी लेकीच्या सासूच्या घरी होते. घास उचलला की वाटायचं, जास्ती तर न्हाई ना झाला. तुमी वाढायच्या आन माह्या घशाला कोरड पडायची. हितं घर कुणाचंच न्हाई. तुमी आल्या तशी मी आले."

"तुमाला वाटतं मला तिथं बरं वाटायचं?" छबुबाई म्हणाली. "दुपारी पाठ टेकायला मिळाली न्हाई मला तुमच्यापायी."

"मलाबी न्हाई मिळाली तुमच्यापायी."

दोघी हसल्या. त्या दुपारी खडे तसेच राहिले आणि दोघी ओट्यावरच शेजारी-शेजारी लवंडल्या. बबनरावांनी चहाला उठवलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

संक्रांतीच्या पुढं-मागं फडावर कुणीतरी उत्तरेश्वरला सांगितलं की तुझी माय आश्रमात राहायलीय. आईनं त्याला आम्ही डेअरीत राहतो एवढंच सांगितलं होतं, पण लोकांच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर त्याचं डोकं फिरलं. मुकादमाला गळ घालून, दोन एसट्या बदलून तो थेट डेअरीच्या दारात आला. चपला न काढताच म्हणाला, "माय, ऊठ. सामान बांध. घरी चल." मग बबनरावांकडं वळला. "तुमच्या पोराला चाकणला जागा झाली न्हाई म्हणून माह्या मायला कावून अडकवायलात?"

 बबनरावांचा चेहरा उतरला.

"उत्तरेश्वर," छबुबाई म्हणाली, "आदी पाणी पी. मग बस. चेअरमनला पुन्हा असं बोलायचं न्हाई."

तो बसला. त्याचे डोळे भरले होते. "लोक म्हणायलेत मी तुला टाकलं."

"लोकाला म्हणू दे. मी तुला खरं काय ते सांगते. हितं वाईटबी लई हाय. धुळाजी घोरतो. मीठ माह्या मनाचं न्हाई. तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर समदी कान लावून बसत्यात. दिवेलागणीला घर आठवतं, लई आठवतं."

"मग चल की."

"थांब. चांगलं कुठं सांगितलं अजून? मला ताप आलता, तुला सांगितला न्हाई. घरी असते तर ईनबाईनं एकटीनं काय केलं असतं? हितं माह्या उशाला पाळ्या लागल्यात्या. आन तुझी सासू आपल्या घरी उपाशी ऱ्हायची, तुला ठाऊक हाय का? हितं पोटभर जेवती."

उत्तरेश्वरनं सासूकडं बघितलं. भिवराबाई पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. त्याच्या हे कधी मनातही आलं नव्हतं. त्यानं दोघींना एका घरात ठेवलं आणि निर्धास्त झाला होता.

"तू घरी असलास की मी घरी," छबुबाई म्हणाली. "तू न्हाईस तवर मी हितं. मला समदं आवडतं म्हणून न्हाई. दोन्ही बाजू बघितल्या, मग ठरवलं."

तो दोन दिवस राहिला. शेडमध्ये धुळाजीच्या शेजारी झोपला आणि सकाळी तांबडे डोळे घेऊन उठला. "माय, तू काही वाढवून सांगितलं न्हाईस," एवढंच म्हणाला. बबनरावांची त्यानं माफी मागितली. जाताना आईला फोनवर निवांत बोलता यावं म्हणून ओट्याच्या कडेला पोत्याचा पडदा शिवून टांगला. त्यातून आवाज जसाच्या तसा यायचा, पण त्या दिवसापासून सगळ्यांनी ऐकू येत नसल्यासारखं दाखवायचं कबूल केलं.

त्या साली कारखाना लांबला, टोळी मृगाच्या तोंडावर परतली. पाठोपाठ पाऊसही बरा झाला, छावणी उठली, जनावरं गोठ्यात आली आणि डेअरीत कॅनला जागा लागू लागली. एकेक जण गोधडी काखेत मारून आपापल्या घरी गेला. बबनरावांनी धुळाजीला आपल्याच घरी नेलं. भिवराबाईनंही उमापूरला जायला गाठोडं बांधलं.

"घरी चला," छबुबाई तिला म्हणाली.

"पुन्ना तेच व्हईल, ईनबाई. तुमी वाढणार, मी हात आडवा धरणार."

"न्हाई होऊ द्यायचं. एक दिवस चूल तुमची, एक दिवस माही. तुमच्या दिवशी मी नुसती बसून खाणार. आन दुपारी दोघींनीबी झोपायचं."

"लेकीला काय वाटंल?"

"तिला बरंच वाटंल. आठ महिने ऊस तोडून आलीय, बसू द्या तिला."

भिवराबाईनं विचार केला. पोळ्यापर्यंत राहून बघते, मग ठरवू, म्हणाली.

पहिला दिवस तिचा होता. तिनं पिठलं केलं आणि लसणाचा हात जरा मोकळा सोडला. छबुबाई पाटावर बसली, घास घेतला आणि म्हणाली, "लसूण जास्ती झालाय."

आशामती पाणी वाढता वाढता थांबली. सासू आपल्या आईला असं तोंडावर बोलल्याचं तिनं लग्न झाल्यापासून कधी ऐकलं नव्हतं.

"उद्या तुमची पाळी हाय, घाला कमी," भिवराबाई म्हणाली आणि स्वतःच्या ताटात दुसरी भाकरी घेतली. मग दोघी धुळाजी बबनरावांच्या घरी किती दिवस टिकेल यावर बोलू लागल्या, आणि आशामती तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.