दोन बोटं वर आलेलं हॅण्डल

मित्रांनो, काल्हेरच्या रस्त्याने कधी गेलात, तर गोडाऊनांच्या रांगा संपल्यावर एका पिवळ्या घराच्या अंगणात तुम्हाला मी दिसेन. मी एक जुनी, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल आहे. रंग तांबडा, टाकी मोठी, चाकं उंच. माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला नवल वाटणार नाही. मी फार हेवा करणारी आहे.

दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कामगारांनी मला जोडलं, तपासलं आणि ट्रकमध्ये उभी करून इकडे पाठवलं. भिवंडीच्या दुकानात माझ्या शेजारी बऱ्याच गाड्या होत्या. पण केसरीनाथ आत आला तो सरळ माझ्याकडे. तेव्हा तो टेम्पो चालवायचा, दिवसभर गोडाऊनचा माल इकडून तिकडे न्यायचा. त्याने माझ्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हीच."

घरी त्याच्या बायकोने, दिपालीने, मला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हसत हसत म्हणाली, "आली बाय माझी सवत." सगळे हसले. मला मात्र ते खरंच वाटलं आणि मनातून फार बरं वाटलं.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी होती. केसरीनाथचा जिवलग मित्र हारून याचं अंजूरफाट्याला गॅरेज होतं. दोघे मिळून निघायचे, हारून त्याच्या गाडीवर आणि केसरीनाथ माझ्यावर. कधी गोवा, कधी हंपी, एकदा तर पार बर्फाच्या डोंगरांपर्यंत गेलो. माझं हॅण्डल खाली आणि लांब होतं, त्यामुळे केसरीनाथ पुढे वाकून बसायचा. वारा वाढला की त्याची छाती जवळजवळ माझ्या टाकीला टेकायची. घाट चढताना तो माझ्याशी बोलायचा. "चल गं, थोडंच ऱ्हायलंय." मागच्या सीटवर बॅग बांधलेली असायची. दिपाली क्वचितच बसली. तिला पॅकिंगच्या कामाची शिफ्ट असायची आणि खरं सांगायचं तर तिला कुणी फारसं विचारलंही नाही. ती दाराशी उभी राहून हात हलवायची. आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती तिथेच असते, हे मला आरशात दिसायचं. मला त्याचं वाईट वाटत नसे.

मग एका पावसाळ्यानंतरच्या प्रवासात केसरीनाथची बोटं बधिर झाली. तो थांबला, हात झटकले, पुन्हा निघाला. थोड्या वेळाने पुन्हा थांबला. मानेपासून करंगळीपर्यंत मुंग्या येत होत्या. घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की मानेतली चकती सरकली आहे, मान पुढे काढून, खांद्यांवर भार टाकून बसणं बंद. गळ्याला पट्टा आला. माझ्यावर जाड कापड आलं.

त्या कापडाला खालच्या बाजूने एक भोक होतं. तिथून मला अंगण दिसायचं आणि अंगणात दिपालीची स्कूटर दिसायची.

मित्रांनो, त्या स्कूटरबद्दल मी काय बोलू! राखाडी, बुटकी, पुढे पिशवी अडकवायला हूक. त्या हुकाला कधी मेथीची जुडी, कधी बोंबलांची पिशवी. आवाज तर शिवणयंत्रासारखा. तिने कधी घाट पाहिला नव्हता. आणि केसरीनाथ रोज सकाळी त्या स्कूटरची सीट फडक्याने पुसू लागला! एकदा तो दिपालीला म्हणाला, "हिच्यावर कसं खुर्चीवर बसल्यासारखं वाटतंय. मान ताठ ऱ्हाते. मुंग्या अजिबात न्हाय."

ते ऐकून माझ्या टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोलही आंबलं असेल.

त्याहून वाईट एका संध्याकाळी पाहिलं. दिपाली स्कूटर चालवत होती आणि केसरीनाथ तिच्या मागे बसला होता, खांद्यावर हात ठेवून. दोघे कशावरून तरी हसत होते. केसरीनाथ कुणाच्या मागे बसतो हेच मला माहीत नव्हतं. त्या रात्रभर मी त्या स्कूटरचं वाईट चिंतलं. तिचा टायर पंक्चर व्हावा, तिला गंज लागावा. हवा मात्र माझ्याच टायरांतली गेली.

शेवटी मला विकायचं ठरलं आणि वडप्याहून एक गिऱ्हाईक बघायला आलं. तरुण मुलगा होता, वाईट नव्हता. त्याने कापड काढलं, बॅटरी जोडली, माझं इंजिन सुरू केलं. इतक्या महिन्यांनी माझा आवाज अंगणात घुमला. केसरीनाथ पायरीवर उभा होता. आवाज ऐकला आणि तो घरात निघून गेला. दिपाली त्याच्या मागोमाग गेली. खिडकीतून मला दिसत होतं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि दिपाली दारात उभी राहून नुसती त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही बाहेर येईल आणि खुशीने माझी किल्ली त्या मुलाच्या हातात देईल. तिची जागा मी इतकी वर्षं अडवली होती.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, चहा घेऊन जा. गाडी विकाची न्हाय आमाला."

मुलगा गेल्यावर तिने हारूनला फोन लावला. "हारूनभाई, मला एक सांगा. स्कूटरवर यांची मान दुखत न्हाय. मग या गाडीवर का दुखते?"

हारूनचं बोलणं फोनमधून ऐकू येत होतं. "भाभी, स्कूटरचं हॅण्डल जवळ आहे, उंच आहे. हिचं लांब आहे. केसरीला झुकावं लागतं ना."

"मग हिचं हॅण्डल जवळ आणा की."

हारून म्हणाला, "रायझर लावून बघू. क्या है, हॅण्डलच्या खाली दोन ठोकळे बसतात. हॅण्डल दोन बोटं वर येतं, थोडं मागे येतं. मला आधीच सुचायला पाहिजे होतं."

रविवारी सकाळी हारून सामान घेऊन आला. केसरीनाथला माझ्यावर बसवलं, डोळे मिटायला लावले. "पाठ सरळ ठेव. आता हात सोड, जिथे आपोआप येतील तिथे येऊ दे." केसरीनाथचे हात हवेत थांबले. माझ्या मुठींपासून ते बरेच वर आणि मागे होते. इतकी वर्षं तो माझ्यासाठी किती वाकत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण पुढचं ऐका. अंदाज घ्यायला हारूनने ती स्कूटरच माझ्या शेजारी आणून उभी केली! "बैठक अशी आली पाहिजे," तो म्हणाला. डोंगर पाहिलेल्या गाडीला बोंबलाच्या पिशव्या वाहणाऱ्या गाडीचा कित्ता! माझी मान कापली असती तरी इतकं लागलं नसतं. आणि मान तर कापलीच. त्याने पान्याने बोल्ट सोडवले, हॅण्डल उचलून टाकीवर कापडात ठेवलं. खाली काळे ठोकळे बसवले. वर पुन्हा हॅण्डल चढवलं. क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप जरा वेगळ्या वाटेने फिरवून त्याला ढील दिली. एक्सिलेटरची केबल मात्र ताणल्यासारखी दिसत होती. "ही बघतो अजून," असं म्हणून तो हात धुवायला मोरीवर गेला.

केसरीनाथला कुठला धीर! "एक फेरी मारतो गं," तो म्हणाला.

"हारूनभाई येऊ द्या," दिपाली म्हणाली. ती स्कूटर बाजूला घेत होती.

त्याने ऐकलं नाही. मला सुरू केलं, पहिला गिअर टाकला आणि फाटकाकडे वळवायला हॅण्डल पूर्ण डावीकडे फिरवलं. ती आखूड केबल खेचली गेली. मूठ न पिळताच माझं इंजिन किंचाळलं. त्याच्या हातून क्लच सुटला आणि मी उडी घेतली, सरळ स्कूटरवर. तिचा आरसा फुटला, पुढचं प्लास्टिक तडकलं. तो कडकन झालेला आवाज ऐकला तेव्हा, मित्रांनो, मला आनंद झाला.

तो आनंद फार टिकला नाही. स्कूटरखाली दिपालीचा पाय होता.

केसरीनाथने मला हातातून सोडून दिलं. आडवी पडले मी. टाकीला पोचा आला, झाकणातून पेट्रोल झिरपू लागलं. त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मानेचं दुखणं विसरून त्याने ती स्कूटर एका झटक्यात उचलली, बाजूला लोटली आणि दिपालीला धरून बसला. "दिपा, दिपा," एवढंच म्हणत होता. स्कूटर कुठे पडली तेही त्याला ठाऊक नव्हतं. जमिनीवर पडल्या पडल्या मला समजलं की मी इतके महिने चुकीच्या गाडीवर जळत होते. स्कूटरची सीट तो पुसायचा, कारण त्यावर दिपाली बसायची.

पायाचं एक हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं. दवाखान्यातून आल्यावर केसरीनाथ माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "उद्या भंगारवाल्याला बोलवतो."

हारून मान खाली घालून उभा होता. "गाडीला बोल लावू नको, केसरी. गाडी चालू ठेवून हॅण्डल दोन्ही बाजूंना फिरवून बघायचं असतं. ते बघितल्याशिवाय मी किल्ली तुझ्यासमोर ठेवायलाच नको होती."

"आनि मी थांबाला पाहिजे होतं," केसरीनाथ पुटपुटला.

आतून खाटेवरून दिपालीचा आवाज आला. "तुमचं दोघांचं रडून झालं का? हारूनभाई, लांब केबल मिळते ना? मग ती आणा. मी पाय मोडून घेतला तो अर्धवट कामासाठी न्हाय."

लांब केबल आली. हारूनने ती बसवली, इंजिन सुरू केलं आणि हॅण्डल पूर्ण डावीकडे नेलं, पूर्ण उजवीकडे नेलं. पुन्हा नेलं. पुन्हा. माझा श्वास कुठेही चढला नाही. कुठली तार ताणली नाही, कुठला पाइप दबला नाही. खाटेवर बसलेल्या दिपालीने खिडकीतून विचारलं, "झालं?" तेव्हा हारून म्हणाला, "अजून एकदा बघतो, भाभी."

प्लास्टर निघाल्यावर दिपालीला गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवायचा होता. केसरीनाथ स्कूटर काढायला निघाला. ती म्हणाली, "स्कूटर कशाला? तिकडचा रस्ता लांब हाय. ही काढा." आणि बॅग बांधायच्या जागी ती स्वतः बसली.

भिवंडी मागे पडली, ट्रकांची गर्दी विरळ झाली, दोन्ही बाजूंना भाताची शेतं आली. केसरीनाथ ताठ बसला होता. त्याची छाती माझ्यापासून लांब होती. त्याची पाठ दिपालीला टेकली होती. पूर्वी या वेगाला त्याच्या कानात फक्त वारा आणि मी असायचे. आता दोघे बोलत होते. शेजारणीबद्दल, भाताबद्दल, पायाबद्दल. माझ्याबद्दल एक शब्द नाही. अंबाडीच्या नाक्यावर त्याने मला थांबवलं, हात झटकून पाहिले.

"मुंग्या?" दिपालीने विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. "अजिबात न्हाय!"

"मग पुढच्या टायमाला आजून लांब जाऊ. मी पन येनार."

गणेशपुरीला त्यांनी मला झाडाखाली उभी केली आणि कुंडाकडे गेले. तो तिला हाताला धरून, तिच्या लंगड्या चालीने चालत होता. मी गरम इंजिन घेऊन उभी राहिले आणि हेवा केला. पोटभर केला. पण त्या ठोकळ्यांवर मी रागावू शकले नाही. त्यांनी त्याला माझ्यापासून दूर बसवलं, हे खरं. ते नसते तर तो माझ्यावर बसलाच नसता, हेही खरं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी गाडी कापडाखाली उभी असेल. ती म्हातारी झाली म्हणून टाकून देऊ नका, आणि तिच्यासाठी कुणाला वाकायलाही लावू नका. तिचं हॅण्डल उचलून घ्या. काम पुरं होईपर्यंत किल्लीला हात लावू नका. इंजिन सुरू ठेवून हॅण्डल डावीकडे फिरवा, उजवीकडे फिरवा, कान देऊन ऐका. आणि निघताना दारात कुणी हात हलवत उभं असेल, तर आधी त्यांना विचारा, येता का म्हणून. मागच्या सीटवर जागा असते. मला ते आवडत नाही, पण असते.