पाटीचं दुखणं

तारापूरच्या चंद्रकांताबाईंच्या घरात बायकांना एकच आजार होत असे: पाटीचं दुखणं. मान धरो, पाठ लचको, हाताला मुंग्या येवोत, निदान ठरलेलं. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून मासळीच्या पाट्या वाहिल्या, त्याचं हे फळ. धाकटी सून रुचिता बोईसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात संगणकापुढे बसायची. तिने जन्मात पाटी उचलली नव्हती. पण घराण्याचं दुखणं लागू पडत नसेल, तर ती घराण्यातली सून कसली?

थोरली सून तानी याच दुखण्याने गेली होती. बोंबील वाळत घालताना ती खांदा धरून मटकन बसली. शेजारीण म्हणाली, डॉक्टरकडे न्या. चंद्रकांताबाई म्हणाल्या, "तिला काय नाय, पाटीचं हाय." तेव्हापासून तिन्हीसांजेला वाळवणाच्या बांबूंखाली त्यांना तानी पाठमोरी बसलेली दिसे. हाक मारली आणि तिने मान वळवली तर? म्हणून वाळवण काढायला त्या रुचितालाच पाठवत.

आता रुचिताचा खांदा धरला. ऑफिसातल्या मैत्रिणीने बोईसरच्या स्पामधलं ॲक्युपंक्चर सुचवलं. सुनेला कोणी परकं सुया टोचणार आणि आपण घरी बसणार, हे सासूबाईंना शोभलं नसतं. त्याही निघाल्या.

स्पात मंद उजेड होता. घरच्या नळातून कधी ऐकू न येणारी पाण्याची झुळझुळ इथे भिंतीतल्या स्पीकरमधून येत होती. उपचार करणारी हेतल हसून म्हणाली, "घाबरू नका, ताई. सुई केसासारखी बारीक असते, पाकीट तुमच्यासमोरच फोडणार. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटेल, मग जरा जड, झिणझिण. वीसेक मिनिटं पडून राहायचं. काहीजण चक्क घोरतात. आराम पडतो, पण ही जादू नव्हे. आणि आधी मी सगळं विचारणार. कुठे दुखतं?"

"खांद्यात," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

"कधी दुखतं?"

"कदीपन. पाटीचं हाय ते."

"मावशी, सुया यांना टोचायच्या आहेत की तुम्हाला?"

"माजी सून हाय ती! तिला काय नाय—"

वाक्य तोंडातच राहिलं. कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलावर तानी बसली होती. या वेळी समोर तोंड करून! डोळ्यांत राग नव्हता. आपली बोलायची पाळी कधी येते याची वाट बघत असल्यासारखी ती बसली होती. चंद्रकांताबाईंनी स्टुलावरची नजर काढून सुनेकडे वळवली.

"रुचिता, तूच सांग गो," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी नाय बोलणार."

रुचिताने आधी खात्री करून घेतली की हे खरंच सासूबाईच बोलल्या. मग म्हणाली, "जिना चढला की छाती आवळते. कळ डाव्या हातात उतरते, इकडे जबड्यातही जाते. घाम फुटतो. बसले की थांबतं."

"ह्ये माला आदी का नाय सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं, आई. तुम्ही म्हणालात, पाटीचं."

हेतलने सुयांचं पाकीट न फोडताच बाजूला ठेवलं. "हे माझं काम नाही. आधी हृदय तपासून घ्या. आत्ताच! मी रिक्षा बोलावते."

इस्पितळात तपासलं, तर हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. वेळेत कळलं म्हणून उपाय झाला. डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि रुचिता बोलत होती, सविस्तर, न थांबता. चंद्रकांताबाईंचं तोंड सवयीने दोनदा उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी त्याला पदर लावला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सुनेचा आवाज एवढा वेळ त्या प्रथमच ऐकत होत्या.

बंधुभगिनींनो, स्पात जा, सुया टोचून घ्या, सुखाने घोरा. पण ज्याचं दुखतं त्याला आधी बोलू द्या, आणि सगळं बोलू द्या. जिवंतपणी ज्यांचं ऐकलं नाही, ती माणसं मेल्यावर बोलायला येतात. आणि तेव्हा त्यांना गप्प बस म्हणायची कोणाची छाती होत नाही.