सहा अंगांचा फासा आणि सातवा व्हिडिओ

मित्रांनो, नाक मुरडू नका, मी एक जुना फोन आहे. पोट फुगलंय, काचेला तडा गेलाय आणि मुक्काम आहे ड्रॉवरमध्ये, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी.

कारखान्यात माझ्या पोटात लिनक्स नावाची, सगळ्यांना खुली असलेली प्रणाली घातली होती. म्हणजे मालकाने आत हात घालावा आणि हवं ते बदलावं. मालकही असा भेटला की विचारू नका! लिफ्ट दुरुस्त करणारा, पण एक नंबरचा वात्रट. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेरून विचारायचा, "काय साहेब, चहा आत पाठवू की बाहेर येऊन घेताय?"

त्याने मला एक स्क्रिप्ट लिहून दिली. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला दिलेला लेखी हुकूम. हुकूम असा: चालू झालास की आधी मनातल्या मनात फासा टाक, एक ते सहा. जो आकडा पडेल त्या नंबरचा व्हिडिओ दाखव, आणि मग पासवर्ड माग. सहाही व्हिडिओ त्याच्याच माकडचेष्टांचे. तिसऱ्यात तो कानांना मोजे लटकवून गाढवासारखा ओरडतो. तो त्याच्या बायकोने स्वयंपाकघरात काढलेला. ती इतकी हसते, इतकी हसते, की चित्र गदागदा हलतं. लोक म्हणायचे, "अहो, परत चालू करा ना, बघू आता काय निघतंय!" काय रुबाब होता माझा!

मग बायको वारली. शोकसभेत तिचा फोटो दाखवायला त्याने मला चालू केलं. सगळे माना खाली घालून उभे. आणि माझा फासा पडला नेमका तीनवर. गाढव ओरडलं. पाठोपाठ गेलेल्या बाईचं हसू त्या खोलीत खळखळलं. आणि मालक? तोही हसला. पोट धरधरून हसला.

त्याची मुलगी पुढे आली. कपडे शिवायची ती, बोलणंही कात्रीसारखं.

"बाबा, आईच्या मरणाचीसुद्धा टिंगल?"

"अगं, ऐक तरी..."

"काही ऐकायचं नाहीये मला. तोंड दाखवू नका परत."

त्यानंतर तिने त्याचा फोन उचललाच नाही.

पुढे तो आजारी पडला. दवाखान्यातल्या खाटेवर त्याने मला तोंडासमोर धरलं. मोजे नाहीत, गाढव नाही. नुसता म्हणाला, "पोरी, तिचं हसू कानावर पडलं आणि सवयीने हसलो गं. हसलो नसतो तर तिथेच कोसळलो असतो. चुकलं माझं."

हा सातवा व्हिडिओ.

नर्सबाई म्हणाल्या, "काका, पाठवून द्या की सरळ."

"छे! ती न बघताच पुसून टाकेल. भेटायला आली की फोन हातात देईन, म्हणेन, जरा बंद-चालू करत राहा गं. अचानक समोर आलो की रागवायला सवडच मिळणार नाही तिला."

मरताना खोड जाते थोडीच! व्हिडिओ ठेवला, पण हुकुमातला सहाचा आकडा बदलून सात करायला विसरला. मित्रांनो, सहा अंगांच्या फाशावर सात कधी पडतात का? मला कळत होतं. पण हुकुमाबाहेर बोलायला मला तोंड कुठे आहे?

मुलगी आली तेव्हा खाट रिकामी होती. नर्सबाईंनी मला तिच्या हातात दिलं. "तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय म्हणत होते. चालू करून बघा."

तिने चालू केलं. माकडचेष्टा. बंद, चालू. दुसरी माकडचेष्टा. पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. फोन दुरुस्तीच्या दुकानदाराने हात जोडले, "ताई, फोनची ही जात माझ्या ओळखीची नाही. कुलूप तोडायला गेलो तर आतलं सगळं पुसलं जाईल."

मग रोज, शिलाई मशीन थांबवून, ती मला बंद-चालू करायची. बंद-चालू, बंद-चालू. मग रात्रभर चार्जिंगला. माझी बॅटरी फुगली. दुकानदार घाबरला. "आता चार्जिंगला लावू नका, पेट घेईल. आहे तेवढ्या चार्जवर फार तर एकदा चालू होईल, बस."

तिने मला मांडीवर घेतलं. "बाबा, आता तरी," एवढंच म्हणाली.

मी फासा टाकला. तीन.

गाढव ओरडलं. आईचं हसू खळखळलं, चित्र हललं. आणि तिच्या तोंडून फिस्सकन हसू सुटलं. ती दचकली. तोंडावर हात दाबला, तरी खांदे हलतच राहिले. पडदा काळा झाला तेव्हा ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, फोन पाडू नका, रात्रभर चार्जिंगला लावू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो, माफी मागायची असेल तर फाशावर सोडू नका. मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं.

सातवा अजून माझ्या पोटात आहे. शेजारचा दोऱ्याचा डबा लागला की ती ड्रॉवर उघडते, माझ्या काचेवरून बोट फिरवते आणि विचारते, "काय ठेवलं होतंत हो?"