स्वरूपाच्या वजनाची गाडी

त्या रविवारी दीपकराव बारामतीला निघाले ते गाडी विकायला. गाडी त्यांची नव्हती, मुलीची होती. स्वरूपा शेजारीच बसली होती, पण पिकअपनं इंदापूर सोडल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. मागच्या हौद्यात तिची डर्ट बाइक दोरखंडानं आवळून उभी केली होती आणि प्रत्येक गतिरोधकाला दीपकराव आरशातून बाइककडं बघत होते.

स्वरूपानं भांडावं, अशी त्यांची खरं तर अपेक्षा होती. आजवर ती भांडतच आली होती. बारामतीच्या माती परीक्षणाच्या लॅबमध्ये नोकरी लागल्यावर तिनं पुण्याच्या एका गृहस्थाकडून ही गाडी जुनीच घेतली, तेव्हा घरात आठवडाभर बोलाचाली बंद होती. मग ती माळावर सराव करू लागली, शर्यतींना जाऊ लागली, आणि पडूही लागली. पडायची ती नेहमी एकाच पद्धतीनं. ओळीनं उंचवटे आले, की गाडीचं मागचं चाक घोड्यानं लाथ झाडावी तसं वर उडायचं आणि तिला पुढं फेकून द्यायचं. बरोबरची पोरं सांगायची, "ढिली बस. घाबरतीस म्हणून गाडी फेकती तुला." तिनं ढिलं बसून पाहिलं, घट्ट बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं. सुप्याच्या माळावर शेवटची पडली, तेव्हा हासळीचं हाड मोडलं.

खांद्याचा पट्टा निघाला त्या दिवशी दीपकराव म्हणाले, "आता गाडी इकायची."

"इका," ती म्हणाली.

तेवढंच. त्या एका शब्दाचं त्यांना फार वाईट वाटलं होतं.

भिगवण रस्त्याला विजयसिंहांचं गॅरेज होतं. हा माणूस कधीकाळी नाशिक-कोल्हापूरपर्यंत शर्यती मारून आलेला. पुढं एका अपघातात उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली, तेव्हापासून तो जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकायचा. अंगानं काटकुळा, मिशी पांढरी, बोलणं सावकाश.

गाडी खाली उतरवली. विजयसिंहांनी ती चालू केली नाही की टाकीत वाकून पाहिलं नाही. त्यांनी नुसता सीटवर तळहात ठेवून जोर दिला. मग पुन्हा दिला.

"चालवतंय कोण?"

"मुलगी," दीपकराव म्हणाले. "पण आता बंद केलंय तिनं."

"का गं?"

स्वरूपा जमिनीकडं बघत म्हणाली, "जमत नाही मला, काका. भीती वाटते."

"बस बरं जरा तिच्यावर."

"आता कशाला?"

"बस तर खरं."

ती बसली. विजयसिंह मागं उकिडवे बसले आणि चाकाकडं बघत राहिले. मग उठून दीपकरावांना म्हणाले, "तुमी बसा."

दीपकराव चांगले भरलेले गृहस्थ. ते बसले तेव्हा गाडी मागून हळूच खाली दबली. स्वरूपा बसली होती तेव्हा ती जागची हललीही नव्हती.

"बघितलंत? मालक बसल्यावर गाडीनं जरा दबायला पायजे. तवाच खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा उरती. ही पोरगी बसली, तर गाडीला पत्ताच न्हाय कुणी बसलंय म्हणून." ते स्वरूपाकडं वळले. "कुणाची घेतली?"

"पुण्याच्या एका माणसाची."

"दांडगा हुता का?"

तिला तो माणूस आठवला. दारातून आडवा होऊन बाहेर आला होता. तिनं मान हलवली.

"मग त्यानं ह्यो मागचा शॉक-अब्सॉर्बर स्वतःसाठी भरून घेतला असंल. आत काय हाय ते उघडल्याबिगर मी सांगनार न्हाय. पण दीपकराव, आज मी ही गाडी घेत न्हाय."

"मग काय करू म्हणता?"

"हितं ठेवा. आन् पोरीला पुढच्या रविवारी पाठवा."

पुढच्या रविवारी स्वरूपा एकटीच आली. फार आशा नव्हती. विजयसिंहांचा शब्द मोडवला नाही म्हणून आली होती. त्यांनी शॉक गाडीतून काढून ठेवला होता. हातभर लांबीचा नळा, त्याच्यावर जाडजूड स्प्रिंग, आणि बाजूला गॅसची लहान डबी.

"उघडायचा तुला," ते म्हणाले आणि ताठ बोटं पुढं केली. "माझ्या हातात बारीक काय टिकत न्हाय आता. मी सांगतो, तू कर. आधी गॅस सोड. तोंड लांब ठेव."

गॅस फुस्स करून गेला. स्प्रिंग काढली, झाकण काढलं आणि दांडा वर ओढला, तसं काळं, करपट वासाचं तेल परातीत सांडलं. दांड्याच्या टोकाला पिस्टन होता आणि पिस्टनच्या दोन्ही अंगांना कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या, एकावर एक रचलेल्या, मोठीवर लहान, लहानीवर त्याहून लहान.

"हेच सगळं," विजयसिंह म्हणाले. "चाकाला दणका बसला, की तेल ह्या चकत्या वाकवून पलीकडं जातं. चकत्या जास्त असल्या तर तेल अडतं. शॉक दबत न्हाय, आन् सगळा दणका बसनाऱ्याच्या कमरंत जातो. मोज बरं."

स्वरूपानं एकेक चकती रॉकेलच्या फडक्यावर काढून ठेवली. लॅबमध्ये मातीचे नमुने तोलून तिचा हात हलका झाला होता. एकही चकती वाकली नाही, एकीचीही जागा चुकली नाही. विजयसिंह चष्मा लावून खाली वाकले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"हे कंपनीचं न्हाय. भर घातलेली हाय. त्या गड्यानं आपल्या वजनासाठी ही गाडी झकास करून घेतली, त्याची काय चूक न्हाय. पण तुझ्यासाठी ही गाडी म्हंजे दगड हाय, पोरी. दगडावर बसून कुणीबी पडंल."

हातातली चकती खाली ठेवून स्वरूपा बाहेर नळावर गेली आणि पुन्हा पुन्हा तोंडावर पाणी मारत राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. विजयसिंहांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

"चहा सांगू?"

"सांगा. आणि आता यातल्या कोणत्या काढायच्या, ते सांगा."

त्या दिवशी त्यांनी दबण्याच्या बाजूच्या चकत्या कमी केल्या. स्प्रिंगही हलकी हवी होती. ती विजयसिंहांनी आतल्या खोलीतून आणली, स्वतःच्या शर्यतीच्या गाडीची, तेल लावून फडक्यात जपून ठेवलेली. "मीबी तुझ्याएवढाच हुतो वजनानं," एवढंच म्हणाले. हलकी स्प्रिंग हळू उसळते, म्हणून परतीच्या बाजूच्या चकत्याही बदलाव्या लागल्या. मग ताजं तेल भरलं, दांडा वरखाली करत हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत ती बसून राहिली. हात भरून आला तरी विजयसिंह "अजून एक आला बघ" म्हणत होते.

गॅस भरायला हिंदुराव आले. हे गावोगावच्या दूधडेअऱ्यांचे कूलर दुरुस्त करायचे, आणि त्यांच्याकडं नायट्रोजनची टाकी असायची.

"विजा, ह्यात दूध ठिवायचं का काय?"

"भर की मुकाट्यानं."

हिंदुरावांनी मुकाट्यानं काही भरलं नाही. गॅस जाईपर्यंत शंभर प्रश्न विचारले आणि शेवटी दाबाच्या घड्याळाचा काटा बघून म्हणाले, "झालं. आता उडव पोरी."

पण पहिल्या खेपेला ते जमलं नाही. माळावर गाडी छान मऊ वाटली, पण एका उंचवट्यावरून उतरताना मागून खण्णकन आवाज आला. शॉक पार तळाला टेकला होता. स्वरूपा गाडी घेऊन परत आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मऊ जरा जास्तच झालं," विजयसिंह म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "तोंड कशापायी पाडतीस? आता आपल्याला दोन्ही टोकं कळली. मधलंच शोधायचं ऱ्हायलं."

पुन्हा गॅस सोडला. पुन्हा तेल, पुन्हा परात. काढलेल्यांतली एक चकती तिनं परत आत ठेवली. हिंदुराव पुन्हा आले आणि मला तुमी गॅरेजातच खाट टाका म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी ते सगळे भिगवणजवळ गेले. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरकलं होतं आणि मोकळी पडलेली जमीन दूरवर टणक, खडबडीत, बांधांच्या जुन्या रेघा दाखवत पसरली होती. दीपकरावही आले होते. पिकअपच्या सावलीत, हाताची घडी घालून, ओठ आवळून ते उभे होते.

स्वरूपानं पहिली फेरी जपूनच मारली. दुसऱ्या फेरीला तिनं गाडी त्या बांधांच्या ओळीत घातली. अशाच ओळीत आजवर प्रत्येक वेळी मागचं चाक उडालं होतं. अंग आपोआप आखडलं. पहिला बांध आला, चाक वर गेलं, आणि लगेच जमिनीला येऊन चिकटलं. दुसरा. तिसरा. गाडी खालून हलत होती आणि ती वर शांत होती. कमरेत दणका नव्हता. ओळ संपली तरी ती लाथेची वाटच बघत राहिली, आणि लाथ आलीच नाही. मग हेल्मेटच्या आत ती मोठ्यानं हसली. गाडी वळवून पुन्हा त्याच ओळीत गेली. पुन्हा वळली.

दीपकरावांची घडी केव्हा सुटली ते त्यांना कळलं नाही. शेतात पाणी धरल्यावर पाटाकडं बघावं तसे ते मुलीकडं बघत होते. डोळे पुसून ते विजयसिंहांना म्हणाले, "मी तर गाडी इकायला आलो हुतो तुमच्याकडं."

"मला म्हाईत हाय की."

"तुमी घेतली असती, तर आमी तुमाला दुवाच दिला असता वर. आन् पोरगी जलमभर स्वतःला भित्री म्हणत बसली असती."

विजयसिंह पाण्याकडं बघत होते. "दीपकराव, हे सगळं डोक्यात घिऊन मी लई वर्सं नुसता बसून हुतो. कुणी इचारलंच न्हाय. तुमी पोरीला पाठवली, तिनं माझ्या हाताचं काम केलं. आभार मीच मानायला पायजेत."

पावसाळ्यानंतर सुप्याजवळच्या शर्यतीत स्वरूपा पाचवी आली. पुढचे चौघेही तिच्यापेक्षा जुने गडी होते. कप नव्हता, पण ती एकदाही पडली नाही, आणि शेवटच्या फेरीत एकाला मागं टाकून आली. हिंदुरावांनी तेवढ्यावरच सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी शिट्टी मारली.

येताना मंडळी भिगवणला जेवायला थांबली. माशाचा रस्सा, बाजरीची भाकरी, वर कांदा. खाता खाता स्वरूपा एकदम उठली आणि विजयसिंहांच्या पायाशी वाकली. त्यांनी घाईनं पाय आत घेतले.

"आगं, खरकट्या हातानं? रस्सा लागंल धोतराला!"

"तू धोतर कवा घातलंस रे?" हिंदुराव म्हणाले, आणि सगळे हसत सुटले.

स्वरूपा परत बसली. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाली, "काका, मला खरंच वाटायचं की मी भित्री आहे."

"असशील की," विजयसिंह भाकरी मोडत म्हणाले. "मीबी हुतो. आजबी हाय. घाबरनारा मानूस गाडी नीट बघतो. पण गाडीचं दुखनं आपल्या अंगावर घिऊ नये."

दीपकरावांनी वाढप्याला हाक मारली, आणि विजयसिंहांच्या ताटात स्वतःच्या हातानं माशाचा मोठा तुकडा वाढला. विजयसिंह नको नको म्हणत होते. दीपकराव काही ऐकायला तयार नव्हते.